लाल दोरी आणि पायजम्याची नाडी

‘‘बाबा, महिन्याला तुमच्या हातात नेमके किती पडतात?’’

मित्रांनो, हा प्रश्न घरी विचारून दाखवायची पैज आमच्या भिंगरीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी आपसात लावली होती. धावण्याच्या अकादमीची फी ऐकून तिघींचे डोळे पांढरे झाले होते. त्या दोघी घरी जाऊन गप्प बसल्या. भिंगरीने मात्र विचारलेच, तेही माझ्यावर पळता पळता. बाबा मोजे काढत होते. ‘‘पुरतात,’’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिला हप्ता भरून आले. ‘पुरतात’ म्हणजे किती, हे मला अजून कळलेले नाही.

मी एक जुनी ट्रेडमिल आहे. माझी उमेदीची वर्षे मोठ्या व्यायामशाळेत, आरशासमोर गेली. तिथे मला रोज पुसत, वेळच्या वेळी तेल देत. हजारो किलोमीटर पळाले, पण वीतभरही पुढे सरकले नाही. याला प्रगती म्हणावे की काय? मग नवी यंत्रे आली आणि मी निम्म्या किमतीत या घरी, कपाट आणि खिडकीच्या मध्ये. चार दिवस कौतुक झाले, पाचव्या दिवशी अंगावर ओले टॉवेल. आजोबा तर मला ‘घरातली सगळ्यात महाग दांडी’ म्हणत. भिंगरी शाळेच्या संघात आली, तेव्हा कुठे टॉवेल उतरले.

माझ्याजवळ एक लाल दोरी आहे. तिचे एक टोक माझ्या किल्लीला, दुसरे पळणाऱ्याच्या कपड्याला. माणूस दमून मागे पडला की दोरी ताणली जाते, किल्ली सुटते, मी थांबते. भिंगरीला हे थांबणे मुळीच आवडेना. म्हणून बाबांनी दोरीला आजोबांच्या पायजम्याची नाडी जोडून ती चांगली हातभर लांब केली. मित्रांनो, हे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात बरं का. सहा जणांच्या लिफ्टमध्ये सातवा शिरला, तर दंडाला धरून बाहेर काढणारे! त्यांनीच हे करावे? मी चक्रावून गेले.

मग भिंगरीचे डावे पाऊल उशिरा पडू लागले. धप, धप... धप. गुडघा चोळत ती स्वतःला बजावे, ‘‘काही होत नाही.’’ बाबा रविवारीही कामावर जाऊ लागले. संध्याकाळी माझ्या कडेवर टेकून पोटऱ्या दाबत बसत. आईने टोकले, तर म्हणाले की जिन्यात दम लागतो खरा, पण पुढचा हप्ता आलाय, पोरीला सांगू नकोस, काही होत नाही. दोघांचे वाक्य एकच! मी पळवत राहू की बंद पडू? बरे, सांगावे तर मला तोंड नाही.

परवा भिंगरीचा गुडघा मुडपला. ती मागे मागे गेली, पण नाडी काही ताणली जाईना. मी आपली वेड्यासारखी फिरतेच आहे! ती आपटली. बाबा धावत आले, तिला उचलायला वाकले आणि स्वतःच धापा टाकत खाली बसले. आईने माझा प्लग उपटला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘आता दोघं एकमेकांना खरं सांगता, की मी सांगू?’’

दोघांनी सांगितले. आधी कुणी, ते विचारू नका. दोघेही एकदमच बोलत होते. मित्रांनो, मला उपदेश जमत नाही, मीच गोंधळलेली. एवढेच म्हणते, ज्याची दोरी त्याच्याच मापाची असू द्या.

भिंगरीने नाडीची गाठ सोडली, ती आजोबांच्या हातात दिली आणि आईबाबांकडे वळली.

‘‘मी ठरवलंय. दुसरा हप्ता भरायचा नाही. उद्या गुडघा डॉक्टरांना दाखवायचा, आणि बरा झाला की मी शाळेच्या मैदानावरच पळणार. दुखलं की थांबणार. आणि बाबा, रविवारी तुम्ही घरी. आपल्या लिफ्टमध्ये हा हप्ता सातवा चढलाय, त्याला मी उतरवतेय.’’