माशीची साक्ष

माझी सासू सोनूबाई दर्याला भीत नव्हती, पोलीसपाटलाला भीत नव्हती, आणि माझ्या सासऱ्याला तर तिनं कधी हिशेबातच धरलं नाही. तिचं वैर फक्त माशीशी. बोंबील वलांडीवर वाळत घातले की हातात फडकं घेऊन बांबूच्या त्या रांगांखालून दिवसभर फिरायची आणि माशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "मेले, तुझ्या बापाचा माल आहे का गं हा?" वाढवणच्या किनाऱ्यावर तिचा आवाज भरतीच्या वर ऐकू यायचा. मी नवी सून असताना मला वाटायचं, मलाच बोलतेय. कधीकधी मलाच बोलायचीही.

त्या साली फवारणीवाले पहिल्यांदा गावात आले. डहाणूनं मुंबईकडे राहायचं की गुजरातेत जायचं याचं भांडण तेव्हा वर चाललं होतं, पण हिवतापाला कसली हद्द? तो दोन्हीकडची पोरं सारखीच नेत होता. फवारणीवाल्यांत मसोलीचा गणू म्हणून एक होता. पाठीला पंप, डोक्यावर खाकी टोपी, आणि रुबाब असा की डासांचा मामलेदारच! भिंतीवर औषध मारायचं म्हटल्यावर बायका दारं लावून बसल्या. तेव्हा या गणूनं चौकात बादली ठेवली, त्यात पांढरी पावडर कालवली, बोट बुडवलं, आणि सगळ्यांच्या देखत चाटलं.

"घ्या! माणसाला साखर, डासाला जहर!"

अगं बाई! झटाझट दारं उघडली. घराघरांतून फवारणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सोनूबाईनं आपल्या भिंतीखाली पाहिलं तर माश्यांचा सडा. तिचे डोळे असे लकाकले, की लेकाच्या लग्नातही लकाकले नसतील. गणूला दोन चांगली पापलेटं देऊन तिनं उरलेल्या पावडरीची पिशवी पदरात पाडून घेतली. तो म्हणाला, "मोरीत टाक, उकिरड्यावर शिंपड." ती म्हणाली, "हो हो." माझी सासू दोनदा हो म्हणाली की समजावं, तिनं काहीच ऐकलेलं नाही.

मग मी चार दिवस माहेरी गेले, चिंचणीला. परत आले त्या सकाळी घरात सासू नाही. शेजारची धाकली सांगत आली, "आशागडच्या हाल्याच्या पोरीचं लग्न आहे. तो पहाटेच गाडी घेऊन आला, टोपल्या भरल्या, आणि तुझी सासू पण आवतणाला गेली. काय माल होता गं यंदा! एक माशी म्हणून नाही! अख्खा गाव बघायला आला होता."

मला बरं वाटलं. मग मी मागच्या अंगणात गेले, आणि पाहते तर आमची मनी भिंतीला टेकून थरथर कापतेय. पाय एकीकडे, मान एकीकडे. तोंडाशी अर्धा बोंबील पडलेला. वलांडीखाली मेलेल्या माश्या, मुंग्या, झुरळं, आणि बांबूला पांढरी भुकटी. कोपऱ्यात तीच पिशवी, रिकामी, वर जुन्या लुगड्याची पुरचुंडी. भाकरीला पीठ लावावं तशी या बाईनं बोंबलाला पावडर लावली होती!

गणू गावातच होता, उरलेली घरं करत होता. मी त्याला बखोटीला धरून आणलं. मांजर बघून तो हसला, "वहिनी, मांजराला पण हिवताप!" मी त्याला वलांडी दाखवली. हसू गेलं, टोपी गेली, आणि त्याच्या तोंडाचा रंग औषधासारखा झाला.

"किती माल गेला?"

"सगळा. लग्नाला गेला. अख्खा पाडा जेवणार आज!"

"बसा," तो म्हणाला.

आता ऐका. वाढवणची सून, दिवसाढवळ्या, परक्या पुरुषाच्या सायकलीच्या कॅरियरवर! गणूनं पंप उतरवलासुद्धा नाही. मी मागे बसले ती थेट त्या पंपाला मिठी मारून. मसोलीपर्यंत येता येता अर्ध्या तालुक्याला कळलं होतं की सोनूबाईची सून फवारणीवाल्याबरोबर पळाली. एक म्हातारी तर रस्त्यात ओरडली, "अगं, निदान रात्री तरी पळायचं!" मी ओरडले, "वेळ नाही मावशी!" चढाला खाली उतरून मी सायकल ढकलत होते, उताराला देवाचं नाव घेत होते, आणि मध्ये मध्ये गणूच्या खांद्यात गुद्दे घालत होते. सगळ्या वाटेत एकच भीती पोटात होती. त्या पाड्यातल्या घराघरातून माझी सासू वीस वर्षं जाते-येते. तिच्या हातचं खाऊन तिथं कुणाला काही झालं, तर ती बाई जन्मात मान वर करणार नाही. आणि ती स्वतःही तिथंच जेवायला बसणार होती.

आशागडला पोचलो तर तारपा वाजतोय, पोरं-पोरी फेर धरून नाचतायत, आणि आतल्या भिंतीवर लग्नाच्या चित्रांचा चौक लिहून तयार. चुलाणावर हंडी चढली होती. सोनूबाई मध्ये पाय पसरून बसलेली, पुढ्यात टोपल्या, आणि भोवती बायका. ती सांगत होती, "माशीची बिशाद नाही माझ्या मालावर बसायची!"

"थांबा!" मी ओरडले. तारपा थांबला. "बोंबील हंडीत टाकले का?"

"आता टाकणार," हाल्या म्हणाला. हाल्या म्हणजे नवरीचा, लाडकीचा बाप. साधा माणूस, पण लग्नात ताडीनं जरा शहाणा झालेला.

मी सगळं सांगितलं. कुणी घाबरावं ना? सगळे हसायला लागले. हाल्यानं गणूकडे बोट केलं. "यानंच तर चाटून दाखवलं माझ्या अंगणात! गेल्या आठवड्यात आमचा पाडा फवारला तेव्हा. चाटलंस का नाय रे?"

गणू पंपासकट खाली बसला. मग हळूच उजवा हात वर केला. "बुडवलं ते हे बोट," तो म्हणाला आणि पहिलं बोट दाखवलं. मग शेजारचं दाखवलं. "चाटलं ते हे."

आणि मग जो हशा उठला! लोक लोळले. पोरांनी तिथल्या तिथं आपापली बोटं बुडवून चाटायचा खेळ सुरू केला. एकजण म्हणाला, "अरे, आम्ही याला देव समजलो आणि हा निघाला डोंबारी!" पण त्याचं नुकसान असं झालं, की आता गणूच्या कुठल्याच शब्दावर कुणाचा विश्वास उरला नाही. तो म्हणे विष आहे, लोक म्हणत, तेव्हा तर साखर म्हणत होतास. कुणी म्हणालं, धुऊन घेऊ. गणू रडकुंडीला आला, "पाण्यानं जात नाही हो, म्हणून तर भिंतीवर टिकतं!" लोक म्हणाले, बोट कुठलं दाखवतोस बघू.

आणि सोनूबाई उठली. मला वाटलं होतं, घाबरेल. छे! तिचा माल नासका म्हणणारी सून तिनं स्वप्नातही बघितली नव्हती.

"चार माणसांत माझ्या मालाला विष म्हणतेस? माझ्या?" तिनं टोपलीतला सर्वांत जाडा बोंबील उचलला. "हाल्या, तुझ्या पोरीच्या लग्नात मी आधी खाते. मग तू खा."

आणि तोंडात घालायला लागली की! त्या बाईनं आयुष्यात बोललेलं परत घेतलं नव्हतं, आताही घेणार नव्हती. मी काय केलं ते मला केल्यावर कळलं. खाडकन तिच्या हातावर चापट मारली. बोंबील उडून नवरदेवाच्या पागोट्यावर जाऊन पडला.

लग्नमांडवात सुनेनं सासूला मारलं! तारप्यावाला पण आ वासून बघत राहिला. मी तिला रोज अहो-जाहो करणारी, पण तेव्हा तोंडातून निघालं, "आधी माशीला खाऊ दे! माशी जगली तर तू खा, मी खाते, सगळी खाऊ!"

हे मात्र लोकांना पटलं. लाडकीची आजी शुक्री, लग्न लावणारी धवलेरी, गाणं अर्धवट टाकून पुढे आली. "बरोबर बोलते पोर. आण माशी."

शुक्रीनं चुलीवर धुरात टांगलेला आपला जुना बोंबील काढून आणला. सोनूबाईचा एक त्याच्या शेजारी पानावर ठेवला. सगळं लग्न गोल करून उकिडवं बसलं. आता माशी येणार.

माशी येईना.

एरवी जेवायला बसलं की ताटात, तोंडात, नाकात! आज हवी तर एक नाही. मग गणू खाली मान घालून म्हणाला, "मीच पाडा फवारलाय ना. मेल्या असतील."

मग काय सांगू तुम्हाला! अख्खं वऱ्हाड माशी शोधायला निघालं. बैलांच्या शेपट्यांमागे माणसं, उकिरड्यावर करवल्या. नवरदेव स्वतः म्हशीच्या पाठीवर हात मारून दोन माश्या मुठीत घेऊन आला, मूठ उघडली तर रिकामी. "हळू, हळू, पंख मोडेल!" असं माझी सासू ओरडत होती. सोनूबाई! माशीच्या पंखाची काळजी करत होती! शेवटी हाल्याला अक्कल सुचली. ताडीचा भोपळा आणून त्यानं पानाजवळ ठेवला, आणि कुठून कुठून पाच-सहा माश्या घोंगावत आल्या. लोकांनी असा जल्लोष केला, जणू नवरीची पालखीच आली.

"गप! उडतील!"

काही माश्या शुक्रीच्या बोंबलावर बसल्या, काही सोनूबाईच्या. आम्ही टक लावून बघतोय. पहिल्यांदा काहीच झालं नाही. सोनूबाईनं माझ्याकडे असं बघितलं की आता घरी चल, मग सांगते. मग तिच्या बोंबलावरची एक माशी पाय झाडायला लागली. गोल फिरली, तिरकी झाली, आणि उताणी पडली. मागोमाग दुसरी.

"ताडी चढली तिला," हाल्या म्हणाला.

झालं! पुन्हा वाद. निम्मे म्हणाले विष, निम्मे म्हणाले ताडी. तेव्हा शुक्रीनं भोपळा उचलला आणि आपल्या बोंबलावर ताडीची धार धरली. "घ्या. आता इथल्या पण प्यायल्या. बघू कोण पडतंय." तिथल्या माश्या प्याल्या, हातपाय चोळले, आणि मजेत उडून गेल्या. सोनूबाईच्या बोंबलावर उतरलेली मात्र एकही परत उठली नाही.

कुणी हसलं नाही मग. हाल्यानं हंडी स्वतः उतरवली. बापये बोंबील पुरायला खड्डा खणू लागले, तेव्हा कुणीतरी गणूला धरलं, की यालाही पुरा, पंपासकट. शुक्री मध्ये उभी राहिली. तिची दोन लेकरं हिवतापानं गेलेली, सगळ्या पाड्याला माहीत होतं.

"सोडा त्याला. भिंतीला दिलं ते बरं दिलं, भिंत काय जेवत नाय. पण रे पोरा, पुढच्या खेपेला खरं सांग. खरं सांगितलंस तरी आम्ही दार उघडू."

लग्न डाळ-भातावर लागलं. तारपा पुन्हा सुरू झाला, आणि ती माशी उताणी पडायची नक्कल करून पोरं रात्र होईपर्यंत नाचली.

परतताना सोनूबाई रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन चालत होती. मसोली येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढेच. मी मनात माहेरी जायची तयारी करून टाकली होती. मग तिनं मनगट चोळलं.

"हात जड आहे गं तुझा."

"चुकलं, आय."

"चुकलं काय? ती पिशवी घरात आणली तेव्हाच एक द्यायची होतीस." आणि टोपल्या खाली ठेवून, भर रस्त्यात, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, माझी सासू रडली. मनी जगली, हे घरी गेल्यावर कळलं. काही दिवस भिंत धरून चालायची, मग पुन्हा चोरायला लागली.

पण सोनूबाईनं त्या दिवसापासून फवारणीवाल्याला उंबरा चढू दिला नाही. "ते पांढरं माझ्या घरात नको!" मी किती समजावलं. पुढे मला दिवस गेले, पोटातल्या जिवाची धास्ती, डास तर कानाशी गुणगुणत असायचे. ऐकेल तर सोनूबाई कसली!

तोवर बाजाराची रीतच बदलली होती. ही गोष्ट तलासरीपर्यंत गेली, आणि तिथल्या बायका माशी बसल्याशिवाय बोंबील घेईनात. दवाखान्यातली नर्सबाई येऊन सांगायची, "माशीनं रोग होतात, मासळी झाकून ठेवा." बायका म्हणायच्या, झाकलंय म्हणजे काहीतरी लपवलंय. शेवटी माझ्या सासूनं मधला मार्ग काढला. टोपली फडक्यानं झाकायची, गिऱ्हाईक आलं की एक बोंबील बाहेर ठेवायचा, आणि माशीची वाट बघायची. जन्मभर माशीला शिव्या घालणारी ती बाई बाजारात बसून म्हणायची, "ये गं बाई, बस. बस घटकाभर."

दोन हंगामांनंतर एकदा अशीच बसली होती, मी शेजारी, सातवा महिना. लाडकी आली. कडेवर गुटगुटीत पोर. माशी आली, बोंबलावर न बसता थेट पोराच्या गालावर बसली. सोनूबाईनं असं फडकं फिरवलं की पोरगं दचकून रडायलाच लागलं.

"तिथं नाय!" ती माशीला ओरडली. मग पोराला आपल्या मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला, मानेला लावला, पोटाला लावला. "ताप आला होता का याला? पावसात?"

"नाय."

"एकदा पण?"

"कुणालाच नाय. यंदा पाड्यात एक पण पोर गेलं नाय. आजी रोज भिंतीला हात लावून बघते, अजून आहे का म्हणून."

सोनूबाई पोराकडे बघत राहिली, मग माझ्या पोटाकडे. मूठभर चांगले बोंबील तिनं लाडकीच्या पदरात टाकले, आणि माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? त्या गणूला निरोप धाड. म्हणावं, उद्या ये, सगळ्या भिंती मार, माळा पण सोडू नको."

"बरं, आय."

"आणि आला की आधी बोटं दाखवायला लाव. दहाच्या दहा."