मधाचा दोर

"कुत्रा येणार असेल तर मी येत नाही," आमचे मालक म्हणाले आणि खांद्यावरची दोराची गुंडाळी त्यांनी धाडकन ओट्यावर टाकली.

"आणि कुत्रा येणार नसेल तर मी येत नाही," भावजी म्हणाले. त्यांनीही हातातला मधाचा रिकामा डबा खाली ठेवला.

झालं! सख्खे भाऊ, तोंडं दोन दिशांना, आणि मधे मी डोक्यावर बटाट्यांचं गाठोडं घेऊन उभी. डोंगर चढायचा होता, ऊन वर यायला लागलं होतं, आणि ह्यांचं हे चाललेलं.

"मग मी आणि कुत्रा जातो," मी म्हटलं. "तुम्ही दोघं बसा घरात भांडी घासत."

ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो फौजदार दारातच बसला होता. फौजदार म्हणजे भावजींचा कुत्रा. नाव त्याला गावानंच ठेवलं, कारण पान हललं तरी चौकशीला जायचा आणि सावली दिसली तरी भुंकायचा. गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, कुणाच्या कोंबडीनं कुठं अंडं घातलं, सगळ्याची दवंडी. त्याच्या तोंडाला खीळ म्हणून नव्हती. मला कितीदा वाटायचं, एक धपाटा घालावा.

पण घालायची नाही. माझी जाऊ गेली त्या वर्षी भावजींनी चूल पेटवणं सोडलं होतं. मी ताट नेऊन ठेवायची, ते तसंच परत यायचं. मग हे पिल्लू कुठूनसं दारात आलं आणि केकाटायला लागलं. त्याला घालायचं म्हणून भावजींनी पहिल्यांदा चुलीवर काहीतरी चढवलं, त्याच्यासोबत चार घास स्वतः खाल्ले. मी भिंतीआडून बघितलं आणि पदरात तोंड खुपसून रडले. हा कुत्रा गेला तर आमचा माणूसही हाताला लागायचा नाही, हे मला त्या दिवशीच कळलं होतं.

मालकांचंही खोटं नव्हतं. त्यांना डावा कान नाही. तरुणपणी सासऱ्यांचा कुत्रा डोंगरात मोकळा सुटला, अस्वलावर जाऊन भुंकला, आणि अस्वल उलटल्यावर पळाला तो थेट मालकांच्या पायात. कुत्रा वाचला, कान गेला. अजून त्या बाजूनं हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि कधीकधी ऐकू येऊनही येत नाही, ती गोष्ट वेगळी.

"मोकळा कुत्रा म्हणजे अस्वलाला घरचा पत्ता देणं," ते म्हणायचे.

शेवटी ठरलं. कुत्रा येईल, पण दोरानं बांधलेला. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत गळ्यातला दोर सुटायचा नाही. भावजींनी सुताचा एक दोर त्याच्या गळ्यात अडकवला आणि आम्ही निघालो.

आमचा धंदा मधाचा. गावाच्या वर, शेवटची शेतं संपली की रान लागतं, आणि रानाच्या वर कडा. कड्याला मोठमोठी पोळी लटकलेली असतात. मालक खालून धूर करतात, भावजी दोरावरनं उतरून पोळं कापतात, मी डबा धरते. मध हवा असणारे आम्हीच एकटे नाही, हे तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून आमच्या घराचे काही नियम आहेत. जिथं शिजवायचं तिथं झोपायचं नाही. मधाचा डबा आणि खाण्याचं गाठोडं मुक्कामापासून लांब, उंच फांदीला टांगायचं. कड्यावरचे कपडे कड्याखालीच बदलायचे, हात राखेनं घासायचे. आणि कड्यावरचा दोर मुक्कामाला कधी आणायचा नाही. त्याच्यात वर्षानुवर्षांचा मध मुरलेला असतो. तो कड्याच्या पायथ्याशी दगडाखाली दाबून ठेवायचा, आणि निघायच्या दिवशी उचलायचा.

ओढ्याजवळ पोचलो तेव्हा मालक थांबले. वाटेत एक मोठा दगड उलटा पडला होता. त्यांनी वाकून हात लावला.

"ओली बाजू वर आहे," ते म्हणाले. "अजून वाळली नाही. आज सकाळचं काम आहे."

"डुक्कर असेल," भावजी म्हणाले.

मालकांनी समोरच्या झाडाकडं बोट केलं. माझ्या डोक्याच्या वर, मालकांच्याही डोक्याच्या वर, सालीवर ओरखडे होते. त्यातून चीक अजून गळत होता. फौजदार त्या झाडापाशी गेला, हुंगलं, आणि एक आवाज न काढता भावजींच्या पायामागं येऊन उभा राहिला. पाठीवरचे केस ताठ. मी त्याला एवढा गप्प कधी बघितला नव्हता. 

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"एवढं आलोय तर," मालक म्हणाले. "डोळ्यात तेल घालून राहायचं. मोठ्यानं बोलत चालायचं, म्हणजे त्याला आपण येतोय ते कळतं. तू बोल, तुला काही जड नाही."

मोठ्यानं बोलायचं काम मी नेकीनं केलं. मालकांच्या सगळ्या नातेवाइकांचा उद्धार करत मी मुक्कामापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी पोळी चांगली निघाली. डबा काठोकाठ भरला. खरं तर दुपारीच उतरायचं, पण मध गाळेपर्यंत धुकं खाली आलं आणि हाताचं बोट दिसेना. ओढ्याकडची वाट निसरडी. मालक म्हणाले, अजून एक मुक्काम. नाइलाज होता.

त्यात फौजदारानं सुताचा दोर चावून तोडला. सशाच्या मागं की कशाच्या मागं, धुक्यात गेला आणि भुंकायला लागला. एकदा इकडून आवाज, एकदा तिकडून. मालकांचा चेहरा उतरला. त्यांचा हात आपोआप नसलेल्या कानाकडं गेला.

"धाकट्या! बोलव त्याला! आत्ताच्या आत्ता बांध, नाहीतर मी तुला आणि त्याला इथंच ठेवून जातो!"

"बांधतो दादा, बांधतो. ओरडू नको."

भावजी शीळ घालत धुक्यात गेले. बराच वेळ गेला. आले तेव्हा कुत्रा दोरानं बांधलेला होता, आणि त्यांनी तो मुक्कामाशेजारच्या एका मुळाला पक्का अडकवला. दोर लांबलचक होता. मालकांनी लांबून गाठ बघितली आणि मान हलवली. बांधला का, एवढंच त्यांना बघायचं होतं. कशानं बांधला, हे कुणी विचारलं नाही.

आम्ही ओढ्याकाठी बटाटे भाजून खाल्ले, हात घासले, गाठोडं आणि डबा लांबच्या झाडाला टांगला. सगळं नियमानं. मी परत आले तेव्हा फौजदार दोर चाटत पडला होता. मला वाटलं, हाही तोडायचा विचार आहे मेल्याचा. "गप पड," म्हटलं आणि पांघरूण ओढलं.

उजाडता उजाडता मला जाग आली ती कसल्याशा चपचप आवाजानं. धुकं पांढरं झालं होतं. मला वाटलं कुत्रा पाणी पितोय. मग लक्षात आलं की इथं पाणी कुठलं?

मी मान वळवली. मूळ आणि कुत्रा ह्यांच्या मधोमध अस्वल बसलं होतं. चांगलं फतकल मारून. दोर दोन्ही पंजांत धरून चोखत होतं, ओढत होतं, परत चोखत होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला फौजदार जमिनीला पोट चिकटवून पडलेला. अस्वल दोर ओढायचं तसा तो वीतवीत पुढं सरकत होता. तोंडातून हूं की चूं नाही.  मी मालकांचा हात दाबला, पण ते जागेच होते.

त्यांनी तळहात जमिनीकडं करून हळू खाली दाबला. पळायचं नाही. ओरडायचं नाही.

भावजी उठून बसले होते. त्यांनी तो दोर बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"कड्यावरचा आहे," ते कुजबुजले. "धुक्यात दुसरा नव्हता दादा. तू ओरडत होतास. मी टोक कापून घेतलं."

मालकांनी डोळे मिटले आणि उघडले.

"मी त्याला सोडतो," भावजी म्हणाले. त्यांनी चाकू उघडला.

"सोडलास तर तो तुझ्याकडंच पळत येणार. आणि त्याच्या मागं ते."

"मग काय बघत बसू? तो चाललाय त्याच्या तोंडात!"

"हळू बोल."

"दादा, माझं दुसरं कोण आहे?"

हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. आम्ही दोघं समोर बसलेलो, आणि तरी मला त्याचा राग आला नाही. खरंच होतं ते.

मालक उठले. सरळ नाही, बाजूबाजूनं. माझ्या उशाशी बटाटे चिरायची सुरी होती, ती त्यांनी उचलली. मी त्यांचा सदरा धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. अस्वलाकडं न बघता, जमिनीकडं बघत, ते एकेक पाऊल टाकत कुत्र्याकडं सरकले आणि दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं हलक्या आवाजात बोलायला लागले.

"घे बाबा, घे. तुझंच आहे ते. आम्ही काय, निघालोच. तू बस निवांत. कुणी तुला काही म्हणत नाही."

अस्वलानं चोखायचं थांबवलं आणि मान वर केली. नाकपुड्या हलल्या.  मालक तिथंच थिजले, पण बोलायचं थांबले नाहीत.

"बस बाबा. खा."

त्यानं परत दोरात तोंड घातलं. मालकांनी डाव्या हातानं फौजदाराची मानगूट गच्च धरली, आधी धरली, आणि मग उजव्या हातानं दोर कापला. कुत्रा सुटला, पण मोकळा झाला नाही. त्यांनी तो काखेत उचलला आणि पाठ न दाखवता मागं आले. फौजदारानं त्यांच्या अंगावर मुतून घेतलं होतं. एरवी केवढा तमाशा झाला असता!

पांघरुणं तिथंच टाकून, उलट्या पावलांनी आम्ही ओढ्यापर्यंत आलो. पाण्यात पाय पडला तेव्हा मागून एक आवाज आला. डबा झाडावरून खाली पडला आणि खडकावरनं गडगडत गेला. वर्षाचा मध होता त्यात. आम्ही तिघंही नुसतं ऐकत उभे राहिलो.

"जाऊ दे," मी म्हटलं. "जीव वाचला."

"मधाचं नाही वाटत," मालक म्हणाले. "आजवर त्याला माणसाचा वास म्हणजे धूर आणि आरडाओरडा एवढंच माहीत होतं. आता त्याला कळलं, माणसं झोपतात तिथं मध असतो."

 वाटेत मोठ्यानं बोलायचं असतं, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. भावजींनी धुक्यातच घाईघाईनं कुत्र्याच्या गळ्यात स्वतःचा पंचा अडकवला आणि त्याला हाताशी धरून चालवला. गवतातून, झुडपांतून, दगडांना घासत, सगळी उतरण. धुकं मागं मागं येत होतं. मधेच फौजदार थांबायचा, मागं बघायचा, आणि ओढल्याशिवाय हलायचा नाही.

मालकांनी भावजींना एक शब्द बोलून दाखवला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी भावजींनाच राहवलं नाही.

"दादा, तू त्याला वाचवलंस."

"तुला वाचवलं," मालक म्हणाले. "कुत्र्याचं मला काय!" पण हात कुत्र्याच्या डोक्यावरून फिरवला, हे मी बघितलं.

दिवस कलायच्या आत घर दिसलं. अंगणात पोचल्यावर मी ओट्यावर बसले. हसू पण आलं आणि रडू पण. शेजारणीनं भिंतीवरनं विचारलं, "काय गं, मध कुठाय?" मी म्हटलं, "पाहुण्याला दिला." आणि परत हसायला लागले. सगळी माणसं घरी आली होती, कुत्र्यासकट. मला दुसरं काही नको होतं.

मी वाडग्यात पाणी ओतलं आणि फौजदारापुढं ठेवलं. पंचा काढावा म्हणून त्याच्या मानेत हात घातला, तर बोटं चिकटली.

पंचाच्या खाली गाठ तशीच होती. आणि गाठीला लोंबणारा दोराचा हातभर तुकडा. काळा, तेलकट, मधानं भिजलेला. पंचाच्या आड, पोटाखाली, कुणाला दिसलाच नाही. त्याला कुसळं चिकटली होती, ओढ्याकाठची पानं चिकटली होती, आमच्या शेताच्या बांधावरची माती चिकटली होती. कड्यापासून आमच्या अंगणापर्यंत सगळ्या वाटेला त्यानं मध फासत आणला होता.

"अहो," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, मी डाव्या बाजूला होते. "अहो!"

मालकांनी वळून बघितलं. भावजींनी पण. भावजी धावले, गाठ कापली, तुकडा घेऊन चुलीकडं निघाले.

"चुलीत नको," मालक म्हणाले. "जळल्या मधाचा वास गावभर जाईल."

"मग पुरतो."

"ते उकरतं."

"मग काय करू दादा? सांग ना, काय करू?"

मालकांना सुचेना. आजवर त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला नियम होता. भावजी तो तुकडा दोन बोटांत धरून अंगणाच्या मधोमध उभे राहिले, टाकताही येईना आणि ठेवताही येईना.

शेजारणीचं पोरगं रांगत अंगणात आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी गाय हंबरली आणि एकदम गप्प झाली. कोंबड्या धडपडत आडोशाला गेल्या. एवढ्यावर फौजदारानं एरवी गाव डोक्यावर घेतलं असतं. त्यानं पाण्यातून तोंड काढलं, गल्लीकडं बघितलं, पाठीवरचे केस ताठ केले, आणि पोट जमिनीला चिकटवून खाली बसला. भुंकला नाही.

मी ओरडणार होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं, तळहात जमिनीकडं केला आणि हळू खाली दाबला. मग ते बाजूबाजूनं त्या पोराकडं सरकायला लागले.