राणीचं स्थळ

आखातातल्या मदिनत अश शमाल गावाच्या पुढं डांबरी रस्ता संपतो, मग नुसती वाळू. ती वाळू जिथं समुद्राला टेकते, तिथं पोपटराव एका अरबाच्या गाई सांभाळत. ऐन तारुण्यात संगमनेरकडून आले ते उंट-शेळ्या राखायला. पुढं मालकानं शेड बांधली, पंखे आणले, काळ्यापांढऱ्या गाई आणल्या, आणि गाईंमागं फिरता फिरता पोपटरावांचे केस पिकले.

त्या शुक्रवारी गावी त्यांच्या मुलीला, राणीला बघायला पाहुणे येणार होते. सकाळच्या धारा उरकून पोपटरावांनी पांढरा शर्ट चढवला. सोबत काम करणाऱ्या रियाजनं मोबाईल वैरणीच्या गठ्ठ्याला टेकवून दिला. पडद्यावर आधी बायकोचा, केसरबाईंचा पदर दिसला, मग पोह्यांच्या बशा, मग मुलाचे वडील मच्छिंद्र.

"पोपटराव, गाई दाखवा की जरा!" मच्छिंद्रांचाही दुधाचा धंदा. निम्मा वेळ गाई बघण्यातच गेला.

मग मुलगा, शिवराज, पुढं सरकला. "मामा, फुटबॉलच्या वर्ल्ड कपमुळं तिकडं कामं लई निघालीत म्हणं. माझा पासपोर्ट तयार आहे. लग्न झालं की मला बोलवून घ्या."

पोपटराव "बघू की" म्हणणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेली राणी बोलली.

"तिकडं जायचं असेल, तर मला हे स्थळ नको."

"अगं पोरी, तुझे वडील तिथंच आहेत ना?" मच्छिंद्र म्हणाले.

"म्हणूनच म्हणते."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. पाहुण्यांनी चहा घेतला आणि रीतीनं निरोप घेतला. त्यांची पाठ फिरताच केसरबाई फोनवर कडाडल्या, "चांगलं घर हातचं घालवलं हिनं! तुम्ही तरी दटावा की, अहो!"

पोपटरावांना दटावता आलं नाही. शर्ट बदलून ते गव्हाणी झाडत राहिले. रियाजनं हाक मारली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, झाडलेलीच गव्हाण आपण पुन्हा झाडतोय.

पुढच्या आठवड्यात वाऱ्यानं कुंपण पडलं आणि तीन कालवडी निसटल्या. खुरांचा माग काढत पोपटराव किनाऱ्यावर पोचले. ओहोटी होती. कालवडी ओल्या वाळूत उभ्या राहून खारा वारा हुंगत होत्या. त्यांना हाकून पळवलं तर उन्हानं धाप लागते, म्हणून पोपटराव चुचकारत, हळूहळू त्यांना शेडकडं वळवत होते. तेवढ्यात फोन वाजला. शिवराज होता.

"मामा, राग नका मानू. खरंखरं विचारतो. तिकडं कसं असतं?"

"काम चांगलं आहे. मालकही बरा. खोटं कशाला बोलू?" पोपटराव चालता चालता म्हणाले. "पण मी पहिल्यांदा सुट्टीला गेलो ना, तेव्हा राणी तीन वर्षांची होती. मला बघून जी पळाली, ती थेट कोपऱ्यावरच्या दुकानात. तिथल्याच फोनवर मी तिच्याशी बोलायचो. दुकानदाराला म्हणते कशी, फोन लावून द्या, आप्पांना सांगते, आपल्या घरात कुणीतरी माणूस आलाय."

पोपटरावांनी मागं राहिलेल्या कालवडीला चुचकारलं.

"सगळे हसले. मीही हसलो," पोपटराव म्हणाले. "आता यायचं की नाही, तुझं तू ठरव. बोलवायला माझी ना नाही."

दिवाळी उलटली आणि मच्छिंद्रांचा निरोप आला. शिवराजनं बाहेर जायचं रद्द केलं होतं आणि बापाच्या शेजारी स्वतःचा गोठा बांधायला काढला होता. राणीनं लगेच मान डोलावली नाही. आईला घेऊन ती गेली, गोठ्याचा उतार पाहिला, पाण्याची सोय पाहिली, शिवराजशी तासभर बोलली, आणि मगच होकार दिला.

लग्न वैशाखात धरलं. पोपटरावांनी सुट्टीचं विचारलं, तर मालक म्हणाला, "यल्ला, चल, जा. पण परत ये." पोपटरावांनी "येतो" म्हणून सांगितलं.

संध्याकाळी राणीचा फोन आला. "आप्पा, येताय ना?"

"इन्शाल्ला," सवयीनं पोपटरावांच्या तोंडून गेलं. मग ते थांबले. "येतो. हळदीच्या आधी येतो."

"आणि परत जायचं?"

मालकाला काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं. राणीला खोटं सांगवेना.

"ते घरी आल्यावर बोलू. समोर बसून."

"बरं," राणी म्हणाली. आवाजावरून ती हसत असावी असं पोपटरावांना वाटलं.

धारांना उशीर झाला होता. रियाजनं एकट्यानंच यंत्रं लावली होती. पोपटरावांचा चेहरा बघून त्यानं हातातलं काम टाकलं.

"क्या हुआ, पोपट भाई?"

"बेटी की शादी," पोपटराव म्हणाले, आणि रियाजनं दुधानं ओल्या हातांनीच त्यांना मिठी मारली.