मालकास विचारले: होय

तपासणीला आणलेली गाडी तपासणीतच बंद पडावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आलेला माणूस डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितल्यावर कोसळावा, तसं ते दिसतं. मग सगळे डॉक्टरांकडेच बघतात. जिभेकडे कोणी बघत नाही.

असे किस्से तपासनीस एकोणीस वर्षं इतर केंद्रांतून ऐकत आला होता आणि ऐकून हसत आला होता. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ती वेळ त्याच्यावर आली.

गॅरेज सासऱ्यांनी काढलेलं. त्यांना दोन मुली. थोरलीच्या नवऱ्याच्या हाती त्यांनी पाने-पकडी दिल्या आणि धाकटीच्या नवऱ्याला तपासनीसाचा परवाना काढायला लावला. शेडच्या मधोमध जमिनीवर पिवळा पट्टा मारला. पट्ट्याच्या डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे तपासणी. दुरुस्त करणाऱ्यानं तपासायचं नाही आणि तपासणाऱ्यानं पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. "आपली पाठ आपण थोपटू नये, साडूला थोपटू द्यावी," असं ते म्हणायचे. सासरे गेले, दंडक राहिला. दोघे साडू एकमेकांना अहो-जाहो करत आणि दुपारचा डबा एकाच टेबलावर खात. भांडण असं कधी झालं नाही. भांडायला पट्टा ओलांडावा लागला असता.

त्या मंगळवारी आलेली गाडी ब्रेकवाल्या बाईंची होती. बाई तीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होत्या. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेलं. तपासनीसाची मुलगीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकली होती. त्यांच्या पांढऱ्या डिझेल गाडीत शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक बसवलेला होता, म्हणून हे नाव. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती.

दिवे, ब्रेक, चाकं, सगळं नीट निघालं. शेवटी राहिली धुराची चाचणी. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, इंजिन बोंबलेपर्यंत, आणि असं तीनदा. इंजिनाची ही अग्निपरीक्षाच. म्हणून तिच्याआधी फॉर्मवर पाच प्रश्न असतात. ऑइल बघितलं का, पाणी बघितलं का वगैरे. चौथा प्रश्न असा, की टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मालकास विचारले का? हा बेल्ट म्हणजे रबरी दातांचा पट्टा. इंजिनातले वरचे आणि खालचे भाग तो एका तालात ठेवतो. तो तुटला की वरचे खालच्यांवर आपटतात आणि इंजिन भंगारात जातं.

तपासनीसानं बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला पांढरं लेबल होतं. साडूच्या गोल अक्षरात तारीख आणि किलोमीटर. बेल्ट आठ महिन्यांपूर्वी बदललेला. बाई दहा पावलांवर काचेच्या पलीकडे बाकावर बसून शिकाऊंच्या परीक्षेची यादी तपासत होत्या. आता लेबल समोर असताना त्यांना काय विचारायचं? त्यानं चौथ्या प्रश्नापुढे 'होय'वर खूण केली आणि गाडीत जाऊन बसला. खरं सांगायचं तर ही खूण तो कित्येक वर्षं अशीच करत आला होता.

पहिल्यांदा इंजिन ओरडलं, धूर बरा होता. दुसऱ्यांदाही बरा. तिसऱ्यांदा फट् असा आवाज झाला, मागोमाग कोणीतरी लोखंडी जिन्यावरून भांड्यांची टोपली सोडून द्यावी तसा खडखडाट, आणि मग सगळं गप्प. किल्ली फिरवली, तरी गप्प.

बाई काचेचं दार ढकलून बाहेर आल्या. "काय झालं?"

"बघतो," तपासनीस म्हणाला. "इंजिन गरम आहे. थंड होऊ द्या, मग सांगतो."

"मी चालवत आणली होती हो. सकाळीच."

"हो."

साडू पट्टा ओलांडून आला. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "कसं काय झालं हो हे?" मग तपासनीसाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "शिकाऊंनी हाणलेली गाडी. दिवसभर पहिल्या गिअरात रडवतात. आणि आपली पाटी आहेच की." भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती, 'तपासणी मालकाच्या जबाबदारीवर केली जाईल'. तपासनीसाला ती पाटी कधीच पटली नव्हती. पाटी लावून जबाबदारी जात असती तर लोकांनी ती गळ्यातच घातली असती.

इंजिन थंड व्हायला तासभर तरी जाणार होता. तेवढ्या वेळात त्यानं ठरावीक अहवालाचा कागद काढून टेबलावर ठेवला. चाचणीत इंजिन गेलं, तर त्याच दिवशी परिवहन कार्यालयाला कळवायचं असा नियम. कागदावर एक रकाना, 'जबाबदार'. तिथं 'मालक' लिहिलं की बाईंनी आपली गाडी ओढून न्यायची आणि तिचं काय करायचं ते करायचं. 'केंद्र' लिहिलं की इंजिन गॅरेजनं घालून द्यायचं आणि तपासनीसाचा परवाना सहा महिने जमा. त्या सहा महिन्यांत बदली तपासनीस येणार, आणि ह्यानं पट्ट्याच्या डावीकडे जाऊन साडूच्या हाताखाली बोल्ट पुसत बसायचं. चाकाच्या नुसत्या घरघरीवरून बेअरिंग ओळखणारा म्हणून ज्याचं नाव, त्यानं एकोणीस वर्षांनी दुसऱ्याला पाना आणून द्यायचा. रकाना त्यानं कोरा ठेवला.

सव्वाबाराला साडूनं बेल्टवरचं झाकण काढलं. आत बेल्टचे दोन तुकडे लोंबत होते. पाठीवर भेगाच भेगा, कडा झिजून धागे सुटलेले, छापलेले आकडे पुसून गेलेले. तो आठ महिन्यांचा नव्हता. आठ वर्षांचा असेल.

तपासनीसानं बेल्टकडे बघितलं, लेबलाकडे बघितलं आणि साडूकडे बघितलं.

"अरे हो," साडू म्हणाला. "त्या दिवशी चुकीचा बेल्ट आला होता. दात जुळेनात. बाईंना म्हटलं, राहू द्या, नंतर करू. मग राहूनच गेलं."

"आणि लेबल?"

"ते आधीच लावलेलं होतं."

"आधी?"

"मग काय नंतर लावू? तेलाच्या हातांनी?" साडूचा आवाज चढला. "तुम्हीच बोंब मारली होतीत ना, काळे अंगठे उमटलेली लेबलं चालणार नाहीत, वाचता येत नाहीत म्हणून? तेव्हापासून सकाळी स्वच्छ हातांनी सगळ्या गाड्यांची लेबलं लिहून लावतो, मगच पाना धरतो. तुम्हीच म्हणालात, आता कसं छान दिसतं."

हे खरं होतं. चार वर्षांपूर्वी तो म्हणाला होता. सकाळी सकाळी साडू हात धुऊन, शाळेतल्या मुलासारखा मान वाकडी करून लेबलं लिहिताना त्यानं रोज पाहिला होता. काम व्हायच्या आधी काम झाल्याची चिठ्ठी लागते आहे, हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. पण अक्षर सुवाच्य होतं, वाचायला सोपं जात होतं, म्हणून तो गप्प बसला होता.

साडूनं लेबलाच्या कोपऱ्याखाली नख घातलं. "सोलून टाकू का? लेबल नव्हतंच म्हणायचं. बेल्ट जुना, बाईंनी बदलला नाही, विषय संपला. तुमचा परवाना शाबूत."

लेबल सोलायला दोन सेकंद लागले असते, आणि त्या दोन सेकंदांत तपासनीसाची एकोणीस वर्षं वाचत होती. त्याला मोह झाला. झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

"हात काढा," तो शेवटी म्हणाला आणि काचेच्या दाराकडे गेला.

बाईंनी यादी मिटून पर्समध्ये ठेवली होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं, बेल्ट तुटला, जुना होता, इंजिन गेलं.

"हो, तो बदलायचा राहिलाच होता ना," बाई म्हणाल्या. "तुमचे साडू म्हणाले, बेल्ट आला की कळवतो. मी वाट बघत राहिले. कोणी कळवलंच नाही."

"मग मघाशी तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलं?" बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मी इथंच तर बसले होते. मला वाटलं, एकच गॅरेज, एकच घर, तुमचं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही नुसतं विचारलं असतंत, तर गाडी तशीच परत नेली असती मी."

"लेबल होतं," तो म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला ते किती पोकळ आहे ते ऐकू आलं.

"असेल. माझ्या पायाखाली ब्रेक असतो ना, तो कशाला असतो? शिकणारा चुकला आणि मी पाय वर घेऊन बसले, तर पोलीस त्याला विचारत नाहीत, मला विचारतात. आणि बरोबरच विचारतात." त्या उठल्या. "उद्या आठ जणांची परीक्षा आहे. त्यांना काय सांगायचं ते बघते." त्या रागावून बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो टेबलाशी बसला. चौथ्या प्रश्नापुढची खूण खोडली, 'नाही' लिहिलं, शेजारी सही केली. रकान्यात लिहिलं, 'केंद्र. तपासनीसाने मालकास विचारले नाही.' खाली शेऱ्यासाठी तीन ओळी होत्या. लेबलाची हकीकत तिथं मावली असती. ती लिहिली असती तर बोलणी साडूलाही बसली असती, गॅरेजच्या दुरुस्तीची चौकशी लागली असती. त्यानं त्या ओळी कोऱ्या ठेवल्या. दोन सख्ख्या बहिणींचं घर, ते कागदावर कशाला आणायचं?

साडूनं कागद वाचला. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले. त्यानं तपासनीसाचा हात दोन्ही हातांत धरला. "साडूभाऊ, मोठं मन आहे तुमचं. दुसरा असता तर माझं नाव घातलं असतं."

तपासनीसाला त्या क्षणी स्वतःविषयी फार बरं वाटलं. इतकं, की भिंतीवरचा परवाना त्यानं एका झटक्यात उतरवला. परवाना आणि अहवाल दोन्ही त्यानं पाकिटात घातले, आणि ते चिकटवायच्या आधी बायकोला फोन लावला. वाईट बातमी घरी आपल्याच तोंडून कळलेली बरी.

"तुमचा फोन येईल वाटलंच," बायको म्हणाली. "ताईचा येऊन गेला मघाशी."

"काय म्हणाली?"

"भाऊजींनी तिला कळवलं म्हणे. तुम्ही बाईंना न विचारताच गाडी ताणलीत, जुना बेल्ट होता तो तुटला. आता हे भाऊजींच्या माथी मारू नका म्हणजे झालं, असं म्हणाली."

"कधी आला फोन?"

"मी कपडे वाळत घालत होते. साडेअकरा असतील. का?"

साडेअकराला झाकणाचा एक बोल्टही ढिला झालेला नव्हता. आत जुना बेल्ट आहे की नवा, हे त्या वेळी शेडमध्ये बाहेरून कोणाला कळणं शक्य नव्हतं. ज्याला ते आठ महिने माहीत होतं, तो तासभर त्याच्या शेजारी उभा राहून हळहळत होता.

त्याला राग आला. चांगलाच आला, कानशिलं तापेपर्यंत. पट्ट्याच्या पलीकडे साडू शीळ घालत हात धूत होता. पाकीट उघडंच होतं, पेन खिशात होतं, आणि कागदावर तीन कोऱ्या ओळी होत्या. मघाशी मोठ्या मनानं सोडलेल्या.

"ऐकताय ना?" बायकोनं विचारलं. "ताई म्हणते ते खरं आहे का? तुम्ही खरंच बाईंना विचारलं नव्हतंत?"

तपासनीसानं कागद अर्धा बाहेर काढला होता.

"नाही विचारलं," तो म्हणाला, आणि कागद पुन्हा आत ढकलला.