ढगपुशे महाराज आणि तीन ढग

"गेला! गेला! पुसला!"

वीटभट्टीवरच्या दीडशे माणसांनी एकदम आरोळी ठोकली. पाण्याच्या टाकीवर घटकाभरापूर्वी ऐटीत बसलेला गुबगुबीत पांढरा ढग विरत विरत नखाएवढा उरला, मग तोही गेला. मागे नुसतं निळं आकाश.

मांडवात ढगपुशे महाराजांनी पिवळा रुमाल असा झटकला, जणू त्यातून ढगाचा भुगाच पडणार होता.

"आकाश ही माझी पाटी आणि दृष्टी हे माझं फडकं!" ते माइकमधून गरजले. "भट्टी पेटेपर्यंत इथे थेंब पडणार नाही. शब्द आहे माझा!"

मुकादमाने हात जोडले. तीन दिवस हेच चाललं होतं. महाराज अकराला येत, एखादा ढग निवडत, टक लावून बघत, रुमाल फिरवत. ढग जाई. मुकादम इतका भारावला, की कच्च्या विटा झाकायच्या सगळ्या ताडपत्र्या त्याने महाराजांच्या मांडवाला बांधल्या. पाऊसच यायचा नाही, तर विटांना पांघरूण कशाला?

आत्याचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तीस वर्षं साच्यात माती भरणारी ही बाई सगळ्यांचीच आत्या. तिची सूनसुद्धा तिला आत्याच म्हणे. समोर बारा हजार विटा उन्हात पसरल्या होत्या, बोट टेकवलं तर ठसा उठेल इतक्या मऊ. त्यातल्या निम्म्या सुनेने पाडलेल्या, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत, उकिडवं बसून. या विटा भट्टीत चढल्या की हंगाम संपणार, सून आईकडे विसाव्याला जाणार. भिजल्या तर सगळा चिखल. मग पुन्हा पंधरा दिवस तेच उकिडवं बसणं.

आणि पश्चिमेला काल कुणी केस विंचरून सोडावेत तशा पांढऱ्या बारीक रेघा होत्या. आज त्यांचा पातळ पडदा होऊन पार सूर्यापर्यंत पसरला होता. सूर्याभोवती फिकं कडं पडलं होतं.

"मुकादम, ताडपत्र्या सोडा. पाऊस येईलसं दिसतंय."

"आत्या, डोळे आहेत ना? ढग गेला तो बघितला नाहीस?"

"बघितला की. तो जाणाराच होता." आत्या पदराला हात पुसत पुढे आली. माती मळताना ती गुणगुणे तेच तिच्या तोंडी आलं:

"कापसाचा गं पुंजका, ढग दुपारचा पाव्हणा,
घोटभर ऊन प्याला, मागं खूणही ठेविना."

"गाण्याने काय सिद्ध होतं?" महाराज हसले.

"काहीच नाही," आत्या म्हणाली. "म्हणून तर तपासून बघू. टाकीपलीकडे तीन ढग आहेत, सारख्या अंगाचे. मधला तुम्ही पुसा. कडेच्या दोघांना हात लावायचा नाही. ड्रायव्हरदादा, घड्याळ धरा."

मातीच्या ट्रकचा ड्रायव्हर टपावर चढला. महाराजांना आता नाही म्हणता येईना. त्यांनी डोळे वटारले, रुमाल फिरवला, घशातून भुंग्यासारखा आवाज काढला. माणसं माना वर करून बघू लागली.

"आत्या!" सून एकदम ओरडली. "डावीकडचा गेला!"

"नऊ मिनिटं," ड्रायव्हर वरून म्हणाला.

महाराजांचा ढग अकराव्या मिनिटाला गेला. उजवीकडचा चौदाव्या.

गर्दीत खसखस पिकली. "महाराज, न पुसलेलाच आधी पळाला की!"

"माझ्या दृष्टीची झळ शेजाऱ्यांनाही लागते!" महाराजांनी कपाळावरचा घाम रुमालाने टिपला.

"मग तर सोपं झालं," आत्या म्हणाली. "तो पश्चिमेचा पडदा पुसा. मोठा आहे, नेम चुकायचा नाही."

महाराजांनी पुसला. उभा पुसला, आडवा पुसला. वीस मिनिटं झाली. पडदा दाट झाला आणि सूर्य दुधी काचेमागच्या दिव्यासारखा दिसू लागला.

"तो... तो वरच्या खात्यातला ढग आहे," महाराज पुटपुटले. मग मात्र माणसं पोट धरून हसली.

आत्या हसली नाही. तिने चुलीवरच्या किटलीकडे बोट दाखवलं. "तोटीतून वाफ निघते. जरा वर पांढरी दिसते, हातभर पुढे गेली की दिसेनाशी होते. कोण पुसतं तिला? तापल्या जमिनीवरून ओलसर हवा वर चढते, गार होते, तिचे थेंब होतात. तोच हा कापसाचा ढग. भोवतालच्या कोरड्या हवेत थेंब पुन्हा विरतात. दहा-पंधरा मिनिटांचं आयुष्य. यांची करामत एवढीच, की यांना मरायला टेकलेला ढग निवडता येतो. अंगाने चढत गेलेला काळा ढग किंवा हा पसरलेला पडदा कधी निवडलाय यांनी?"

मुकादमाने मांडवावरच्या ताडपत्र्यांकडे बघितलं. "पण पाऊस येईलच कशावरून, आत्या?"

"येईलच असं मी कुठे म्हणते? असा पडदा पडला, की बरेचदा दिवसभरात येतो. नाही आला तर ताडपत्र्या घडी करू. आला आणि झाकलं नसेल, तर ही पोर पुन्हा मातीत बसेल. तुम्हीच ठरवा."

मुकादमाने पोटुशीकडे बघितलं आणि स्वतःच मांडवाच्या खांबावर चढला. दोर सुटले. महाराजांच्या डोक्यावरचं छप्पर हातोहात विटांवर गेलं. ते उघड्यावर एकटे राहिले, मग तेही दिसेनासे झाले. किती मिनिटांत, ते कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला सरी कोसळल्या. ताडपत्रीवर टपटप वाजत राहिलं, खाली विटा कोरड्या. आठवड्याने भट्टी पेटली आणि सून मातीच्या ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी, पाय लांब करून, आईकडे निघाली.

ढग गेला होता हे खरंच होतं. डोळे खोटं बोलले नव्हते. आपण एक प्रश्न विचारायचा विसरलो होतो, एवढंच. कुणी हात फिरवून काही घडवून दाखवलं, तर जोडलेले हात जरा सोडा आणि विचारा: याने हात फिरवला नसता, तर काय झालं असतं? मग शेजारचा ढग बघा. घड्याळ लावून बघा.