आठ भोकं, सात स्क्रू

नडगीतली स्टीलची पट्टी काढली आणि माझा पाय एवढा हलका झाला, की पांघरूण सरकलं तर खिडकीतून उडून जाईल म्हणून मी त्यावर दोन उशा ठेवल्या होत्या. बायकोला वाटलं, सूज उतरावी म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच बसवलेल्या जिन्यावरून पडलो होतो. नडगी मोडली, डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावली, हाड जुळलं. पण स्क्रूची डोकी कातडीखाली टोचायची, बूट घालता यायचा नाही, आणि थंडीत माझ्याआधी पट्टीलाच हुडहुडी भरायची. म्हणून काढायची ठरली. घरी सोडताना बाईंनी नवा एक्स-रे दाखवला. "बघा, कसं स्वच्छ झालंय! आता उड्या नाहीत, ओझं नाही, स्क्रूंची भोकं भरायला तीन-चार महिने लागतील. पण काठी घेऊन उद्यापासून चालायचं. पडून राहिलात तर पाय आखडेल."

न चालून मला परवडणार होतं कुठे? मी जिने करणारा सुतार. दोन्ही टाचा जमिनीत रोवल्याशिवाय ना रंधा चालतो, ना जिना उभा राहतो.

काढलेला माल मी मागून घेतला होता. तिसऱ्या दिवशी पलंगावर बसून पट्टी मांडीवर घेतली आणि एकेक स्क्रू भोकात बसवत गेलो. हाताची सवय, दुसरं काय. सात बसले. आठवं भोक रिकामं.

चादर झटकली. उशा झटकल्या. बायकोला पलंगाखाली वाकवलं.

"अहो, सातच असतील."

"भोकं आठ आहेत. कुठला सुतार भोक रिकामं सोडतो?"

"त्या सुतार नाहीत."

"आणि हा बघ." सातांतल्या एकाचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं. पेचकसाने पकडच घेतली नसणार. एकाची ही गत, तर आठव्याची काय झाली असेल?

इथे मला घाम फुटला. कारण स्क्रू निघत नाही तेव्हा काय करतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डोकं मोडायचं, बुडखा आतच ठेवायचा, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश मारायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "बघा, कसं झकास झालंय!" असे एकतीस बुडखे मी लोकांच्या दारांत आणि कपाटांत पुरलेत. एकालाही सांगितलेलं नाही. बाईंचा तो स्वच्छ एक्स-रे म्हणजे वरचं पॉलिशच.

त्या दिवसापासून मी पाय जमिनीला लावला नाही.

लावणार कसा? स्क्रू आत मोकळा होता. पहिल्या आठवड्यात नडगीत खुटखुटला. दुसऱ्यात गुडघ्याला वळसा घालून वर आला. मी टेप घेऊन त्याचा वेग काढला: दिवसाला चार सूत, म्हणजे अर्धा इंच. नडगीपासून काळजापर्यंत चाळीस इंच. ऐंशी दिवस! भिंतीवर पेन्सिलीने गेलेल्या दिवसांच्या रेघा ओढल्या, पुढे रोज एक. पाय एवढा वाळला, की डास बसायला यायचा आणि घसरून पडायचा. हसायचं तर हसा. मला मात्र जेवण उतरत नव्हतं. न्हाणीघरापर्यंत बायको खांद्यावर घेऊन न्यायची आणि परत आल्यावर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची. मला ते दिसत होतं. तरी पाय काही खाली जात नव्हता.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा माझा कारखाना सांभाळत होता. तो खिळे वेचायचं लोहचुंबक घेऊन आला आणि ते माझ्या मांडीवरून फिरवलं.

"काही नाही, दाजी. चिकटत नाही."

"खोल गेलाय."

मग त्याने चुंबक त्या सात स्क्रूंना लावलं. त्यांनाही चिकटेना. वेगळंच पोलाद होतं ते. तो डोकं खाजवत बसला. माझी उरलीसुरली आशाही गेली.

"बाईंना सरळ विचारा ना!"

"विचारून काय होणार? मी सांगतो का गिऱ्हाइकाला?"

एकोणपन्नासावी रेघ ओढली तेव्हा स्क्रू कमरेच्या सांध्यात होता. बायकोने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"बास झालं. माझ्या खांद्यालाही हाडच आहे." आणि भावाला म्हणाली, "फळ्यांची गाडी आण."

गाडीत मी आडवा. भर दुपारी, भर रस्त्यातून. "दाजी, जिना उतरवून कुठे ठेवायचा?" मेहुणा वाटभर विचारत होता. मी हसलो नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. उठल्या, दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे काढून उजेडावर लावला. पट्टी होती, आठ भोकं होती. वरून चौथं रिकामं.

"तुमचं हाड नेमकं त्याच्याखाली मोडलं होतं. मोडलेल्या फटीत स्क्रू कसा मारणार?"

फटीत स्क्रू मारला तर फळी चिरते. हे मी कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी शिकलो होतो.

"आणि ते झिजलेलं डोकं?" मी विचारलं.

"आमच्याच हातून झिजलं. तो एक काढायला वीस मिनिटं गेली. तेवढी जखम मोठी करावी लागली. त्याच दिवशी तुमच्या मिसेसना सांगितलंय मी."

बायकोने मान डोलावली. "सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, डॉक्टर असंच बोलतात."



"आता उभे राहा," बाई म्हणाल्या.

मेहुण्याने काखेत हात घातला. मी उभा राहिलो. बोटं टेकली, चवडा टेकला, टाच टेकेना. वरून जोर दिला तर पोटरीत कुणी करवत ओढल्यासारखं झालं. टाच हवेतच.

"हे स्क्रूमुळे नाही. सात आठवडे अधांतरी ठेवल्यामुळे," बाई म्हणाल्या. "रोज ताणायचं. महिने लागतील. पूर्ण टेकेलच, असं आज मी सांगणार नाही."

म्हणजे आत काही नव्हतंच. पाय मी घालवत आणला होता, माझा मी, पलंगावर बसून, रेघा ओढत. स्क्रू असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. निदान काढता तरी आला असता.

बायको फरशीवर बसली. पदर खोचून तिने टाचेखाली बोटं आडवी घातली. तीन बोटं आरामात गेली.

"दाबा," ती म्हणाली.

"दुखतंय गं."

"दुखू दे. दाबा."

मी दाबलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने बोटं ओढून बघितली. तिन्ही तशीच सहज सुटली.

"परत," ती म्हणाली.