धाकट्याचा घोडा

बिस्किट जन्मला तेव्हा त्याची आई त्याला चाटेना, म्हणून माझ्या धाकट्या भावाने अंगातला शर्ट काढून त्याला पुसला. भावाचं नाव मी घेत नाही. आमच्यात गेलेल्याला हाका मारत नाहीत. घरात आम्ही त्याला धाकटाच म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

आमचं घर आमच्या आदिवासी राखीव मुलखात, लुकाचुकाई गावाच्या लाल कड्यांखाली आहे. जमीन आईच्या माहेरची, मेंढ्या आईच्या, आणि घोडे बाबांचे. बाबा आणि धाकटा रोडिओत, म्हणजे घोड्यावरून गुरं पकडायच्या खेळांत, जोडीने उतरायचे. पळत्या गोऱ्ह्याच्या शिंगांत बाबांनी फास टाकायचा आणि त्याला डावीकडे वळवायचं. मग मागून येणाऱ्या धाकट्याने त्याचे मागचे दोन्ही पाय दोरात धरायचे. दोन्ही दोर ताणले, घोडे समोरासमोर उभे राहिले की पंचाचं निशाण पडायचं. बघणाऱ्याचं कॉफी फुंकणं होतं न होतं तोवर खेळ संपलेला असतो.

घोडा तयार करायला मात्र वर्षं जातात. बिस्किट शिंगरू होता तेव्हापासून धाकटा त्याच्या पाठीवरून, पोटाखालून, शेपटीखालून दोर फिरवत राहायचा. पुढे खोगीर घातल्यावरही त्याने त्याला पळवला नाही, नुसता मेंढ्यांमागे चालवला. "पळणं घोड्याला येतंच," बाबा सांगायचे, "त्याला थांबणं शिकव." बिस्किट थांबायला असा शिकला की दोर ताणला रे ताणला, मागच्या पायांवर बसल्यासारखा जमिनीत रुतायचा. मग मान वळवून धाकट्याच्या बुटाला नाक लावायचा. धाकटा त्याला आयाळीखाली खाजवायचा, मगच तो पुढे हलायचा.

रविवारी घराजवळच्या रिंगणात सराव चालायचा तेव्हा फ्रँकलिनमामा कुंपणावर बसून असायचा. बाबांचा फास हुकला की म्हणायचा, "दाजी, तुम्ही गोऱ्हा सोडून वारा पकडायला लागलात. मागच्या पोराने काय वाऱ्याचे पाय धरायचे?"

"तू खाली ये," बाबा म्हणायचे. "तुझीच शिंगं धरतो."

आई रिंगणाकडे पाठ करून पुऱ्यांसारख्या जाड भाकऱ्या तेलात तळत असायची, पण हसताना तिचे खांदे हलायचे.

धाकटा गेला त्या हिवाळ्यात तो गॅसच्या पाइपलाइनवर वेल्डिंगच्या कामाला होता. गनाडो गावाच्या पुढच्या उतारावर रस्त्यावर बर्फाची काच धरली होती. त्याची पांढरी पिकअप घसरून उलटली. गाडीत तो एकटाच होता.

त्याला पुरून आल्यावर आम्ही चार दिवस पाळले. त्यानंतर मामा बाबांच्या शेजारी येऊन बसला. आमच्यात मामाचा शब्द मोठा असतो. तो थट्टा करायला आला नव्हता.

"दाजी, जुनी माणसं मालकाबरोबर त्याचा घोडाही मारून पाठवायची," तो म्हणाला. "पोराला तिकडे चालत जायला लागू नये. तुमच्या हातून होत नसेल तर मी करतो."

 बिस्किट कुंपणाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. पांढरी गाडी दिसली की त्याचे कान उभे राहायचे. मामा उत्तराची वाट बघून निघून गेला.

बाबांनी दोर खुंटीला टांगले. उन्हाळा लागला तरी ते गोऱ्ह्यांना वैरण घालण्यापलीकडे रिंगणात गेले नाहीत. मला ते बघवेना. मी आजवर एकटीने वासराच्या गळ्यात फास टाकायच्या स्पर्धाच खेळले होते. तरी एका सकाळी मी बिस्किटवर खोगीर चढवलं आणि बाबांना म्हटलं, "मागून मी येते."

"तुला पाय धरता येतात?"

"मला येत नाहीत. याला येतात."

ते उठले. आम्ही सगळा उन्हाळा सराव केला.  मी उशीर केला की बाबा नुसती मान हलवायचे आणि गोऱ्हा पुन्हा फाटकात कोंडायला जायचे. बिस्किट मला सांभाळून घ्यायचा. माझा दोर चुकला तरी तो आपल्या जागी पोचलेला असायचा.

शरदातल्या जत्रेत आम्ही उतरलो. फाटक उघडलं, बाबांचा फास पहिल्याच फेकीत शिंगांत बसला. गोऱ्हा वळला, बिस्किट आत घुसला आणि माझ्या दोरात दोन्ही पाय आले. मी खोगिराच्या मुठीला वेढे दिले. बिस्किट रुतला. निशाण पडलं. लोक टाळ्या वाजवू लागले, कारण सगळ्यांना माहीत होतं हा घोडा कोणाचा.

मग बिस्किटने मान वळवून माझ्या बुटाला नाक लावलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मी वाकून त्याच्या आयाळीखाली हात घातला तर तो अंग चोरून बाजूला झाला आणि ज्या दारातून घोडेस्वार आत येतात तिकडे तोंड करून खिंकाळला. रिंगणात त्याचाच आवाज. पलीकडे बाबा दोर हातात धरून बसले होते. त्यांनी तो गुंडाळलाच नाही, तिथेच मातीत टाकला.

परतताना गाडीत ते म्हणाले, "आपण त्याला कामाला लावतो, म्हणून त्याला वाटतं पोरगा येणार."

"मग नको लावायला, बाबा."

"घरी राहिला तरी वाट बघेलच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला ट्रेलरमध्ये घातला आणि चुस्काच्या डोंगरावर नेला. तिथे मोकाट घोडे फिरतात. त्यांनी त्याची म्होरकी काढली आणि रिकामा ट्रेलर घेऊन आले. आईने रिकामं कुंपण पाहिलं. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि पुढे बरेच दिवस बाबांशी कामापुरतंच बोलत राहिली.

पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी बिस्किट परत आला. बरगड्या दिसत होत्या. मागचा डावा पाय काटेरी तारेने हाडापर्यंत कापला होता, आणि तो पाय उचलून धरत तो एवढा डोंगर उतरून आला होता. मी धावले. बाबा माझ्या आधी फाटकाशी पोचले, पण त्यांनी कडी काढली नाही.

"मी त्याला तिकडे, पोराकडे पाठवलाय," ते म्हणाले. "त्याने जायला हवं."

बिस्किट फाटकाला छाती टेकवून उभा होता. आई मेंढ्या सोडून आली. बाबांशी इतकं मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"विल्बर्ट, एक पोरगा मी मातीत ठेवून आले. हा पायाने आलाय आणि तू याला दाराबाहेर उभा करतोस? हो बाजूला."

तिनेच कडी काढली. बाबा बाजूला झाले, आणि तिथेच बर्फात बसून त्यांनी तोंड झाकून घेतलं. दफनाच्या दिवशीही ते रडले नव्हते.

गुरांच्या डॉक्टरने सांगितलं, शीर तुटलीय, जखम भरेल, पण हा आता पळायचा नाही. बाबा सकाळ-संध्याकाळ पाय धुवायचे, मलम लावायचे, पट्टी बांधायचे. एके दिवशी मामा लसूणघासाचे गठ्ठे घेऊन आला. टोपी काढून बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिला.

"मला वाटलं होतं..." तो म्हणाला.

"वाटू दे," आई म्हणाली. "गठ्ठे उतरव, ओले होताहेत."

त्या हिवाळ्यात बाबांनी गोऱ्हे विकून टाकले आणि रिंगणाचं लोखंडी कुंपण उपसून मामाच्या मुलांना दिलं. मी म्हटलं, राहू द्या, मला लागेल. ते म्हणाले, "तुला लागलं तर मामाकडे जाऊन खेळ. मला इथून ते दिसायला नको." मी मामाकडे जाते. एकटीच खेळते, दुसऱ्या घोडीवर.

बिस्किटला आई मेंढ्यांबरोबर नेते. त्याला दोरी नसते, तो आपणहून मागे जातो. ओढ्यापाशी चढ लागतो. मेंढ्या वर पोचतात, कुत्री वर पोचतात, आणि आई मध्येच एका दगडावर टेकते. लोकांना वाटतं, म्हातारी दमली. तो लंगडत तिच्यापर्यंत येतो, तेव्हा ती उठते.